ग्राफिक्स आणि कॉम्प्युटर व्हिजन, दोन्हींत काम केलेल्या वैज्ञानिकाचा संशोधन-प्रभाव कसा मांडायचा?

रेषाखंड (प्रश्न)

पुरस्काराच्या शिफारसपत्राला जोडायला दोन पानी टिपण तयार करायचं आहे. विषय आहे एका ज्येष्ठ वैज्ञानिकाचा संशोधन-प्रभाव. तीसेक वर्षांचं काम, निम्मं ग्राफिक्समधलं, निम्मं कॉम्प्युटर व्हिजनमधलं. निवड समितीत दोन्ही शाखांतली माणसं असतील आणि काही जण या दोन्हींच्या बाहेरचे.

अडचणी अशा. गुगल स्कॉलरवर जो एच-इंडेक्स (सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांत झालेले उल्लेख, मोजून काढलेला निर्देशांक) दिसतो त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश स्कोपसवर दिसतो, वेब ऑफ सायन्सवर त्याहून कमी. मग द्यायचा कोणता? दुसरं म्हणजे, सर्वाधिक सायटेशन असलेले पेपर व्हिजनचे आहेत, पण जाणकार ज्या कामांचं नाव काढतात ती ग्राफिक्समधली. आकडे शेजारी ठेवले की तीच कामं फिकी दिसतात. तिसरं, एकदोन पद्धती सॉफ्टवेअरच्या पोटात इतक्या मुरल्या आहेत की वापरणारे मूळ पेपरचा उल्लेखही करत नाहीत. हा वापर दाखवायचा कसा? आणि कोड, डेटासेट, पेटंट यांचा हिशेब कुठे धरायचा?

नुसते आकडे चिकटवून मोकळं व्हायचं नाही. काय केलं, कोणी उचललं, त्यामुळे पुढच्यांचं काम कसं बदललं, हे वाचणाऱ्याला स्वतः पडताळून पाहता यावं. पायरीपायरीने सांगितलंत तर फार उपयोग होईल.

संदर्भशोध

आधी यादी साफ करा, आकड्यांकडे नंतर वळा. स्कॉलरच्या प्रोफाइलवरून थेट आकडा उचलला की हमखास चूक होते. प्रोफाइल आपोआप भरली जाते, त्यामुळे नामसाधर्म्य असलेल्या दुसऱ्याच माणसाचे पेपर त्यात घुसतात.

पायाभूत यादी डीबीएलपी या संगणकशास्त्राच्या ऑनलाइन संदर्भसूचीवरून घ्या. तिथे संगणकशास्त्रातल्या परिषदा आणि नियतकालिकं नीट लावलेली असतात, आणि एकाच नावाची माणसं वेगळी काढायची तजवीज आहे. स्प्रेडशीटमध्ये एका पेपरला एक ओळ द्या: वर्ष, कुठे छापला, लेखकांतला क्रमांक, आणि त्याच कामाच्या इतर आवृत्त्या. हा शेवटचा रकाना टाळू नका, कारण घोळ तिथेच होतो.

उदाहरण म्हणून झेंगयू झांग यांची कॅमेरा कॅलिब्रेशनची (कॅमेऱ्याची अंतर्गत मापं फोटोंवरून काढायची) पद्धत घ्या. मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा तांत्रिक अहवाल १९९८ चा, आयसीसीव्ही या व्हिजनच्या परिषदेतला पेपर १९९९ चा, पामी नियतकालिकातला लेख २००० चा. काम एक, नोंदी तीन, आणि आयसीसीव्हीतल्या पेपरचं शीर्षकही वेगळं. स्कॉलर सारख्या शीर्षकाच्या आवृत्त्या बहुतेक वेळा एकत्र करतं, वेगळ्या शीर्षकाच्या सुट्याच ठेवतं. याउलट, प्रोफाइलच्या मालकाने हाताने दोन नोंदी जोडल्या असतील तर सायटेशनच्या आकड्याशेजारी तारांकन दिसतं. तारांकन दिसलं की ती नोंद उघडून आत काय काय कोंबलं आहे ते बघा.

म्हणून 'पेपर' मोजण्याऐवजी 'काम' मोजा. एका कामाच्या सगळ्या आवृत्त्यांचा एक गट करा. मात्र गटातल्या आकड्यांची सरळ बेरीज करू नका. समजा परिषदेतल्या आवृत्तीला ९०० सायटेशन आहेत आणि नियतकालिकातल्या आवृत्तीला २,६००. बेरीज ३,५०० येते, पण ७०० जणांनी दोन्हींचा उल्लेख केलेला असेल तर खरा आकडा २,८०० च. हे काढायला सायटेशन करणाऱ्या पेपरांची पूर्ण यादी लागते. स्कॉलर एका शोधात हजाराच्या पुढचे निकाल दाखवत नाही, तेव्हा ओपनअ‍ॅलेक्स या संदर्भ-कोशावरून याद्या उतरवा. ते मोफत आहे आणि प्रत्येक पेपरला स्वतःचा ओळख-क्रमांक असतो. दोन याद्या एकाखाली एक लावायच्या आणि दुहेरी क्रमांक काढून टाकायचे.

स्कोपस आणि स्कॉलर यांच्यातल्या तफावतीचं कारण टिपणात एका वाक्यात द्यावंच लागेल. स्कॉलर प्रबंध, आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावरच्या प्रती, तांत्रिक अहवाल हे सगळं मोजतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक स्रोतच मोजतात, आणि जुन्या परिषदांच्या बाबतीत त्यांची नोंद तोकडी आहे. ग्राफिक्समध्ये आणखी एक गोम आहे. २००२ पासून सिग्राफ या ग्राफिक्सच्या मुख्य परिषदेचे पेपर एसीएम या संगणक-संघटनेच्या ट्रान्झॅक्शन्स ऑन ग्राफिक्स या नियतकालिकाचा अंक म्हणून निघू लागले, त्याआधीचे नुसत्या परिषद-वृत्तांतात आहेत. २००२ नंतरचं काम 'जर्नल' म्हणून ठळक दिसतं आणि त्याच माणसाचं १९९६ चं काम अर्धवट दिसतं किंवा दिसतच नाही. २००८ ला सिग्राफ एशिया सुरू झाली, तिचे पेपरही त्याच नियतकालिकात जात. २०२२ पासून सिग्राफमध्ये परिषद-पेपरांचा वेगळा प्रवाह आहे आणि तो नियतकालिकात छापला जात नाही. हे माहीत नसलेला परीक्षक 'यांचं जर्नलमधलं काम कमी झालं' असा भलताच निष्कर्ष काढू शकतो.

एच-इंडेक्सची व्याख्याही एका ओळीत द्या, बाहेरच्यांसाठी: किमान 'एच' सायटेशन असलेले 'एच' पेपर, असा सर्वांत मोठा 'एच'. समजा दहा पेपरांची सायटेशन अशी आहेत: १२०, ६४, ४०, २२, १५, ९, ८, ८, ५, २. आठव्या क्रमांकावर ८ आहेत, नवव्यावर ५, म्हणून एच-इंडेक्स ८. पहिल्या पेपरला १२० ऐवजी १२,००० असती तरी उत्तर ८ च राहतं. एकाच कामाने सगळी शाखा वळवली असेल तर या आकड्याला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि आपल्या विषयात असं वारंवार घडतं. २००५ मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने हा निर्देशांक मांडला. माणसाच्या कामाचं सार म्हणून तो वापरणं मला पटत नाही. द्यायचाच तर एकाच स्रोताचा द्या, पाहिल्याची तारीख लिहा, आणि एका तक्त्यात दोन स्रोतांचे आकडे मिसळू नका.

किरणमार्ग

व्हिजन विरुद्ध ग्राफिक्स या मुद्द्यावर.

दोन्ही शाखांचे आकडे सरळ तुलना करण्याजोगे नाहीत, कारण सायटेशन करणाऱ्यांची संख्याच वेगळी आहे. सीव्हीपीआर या व्हिजनच्या मोठ्या परिषदेला २०१३ मध्ये सुमारे १,८०० पेपर आले होते, त्यातले पावणेपाचशेच्या आसपास स्वीकारले गेले. २०२४ मध्ये ११,५३२ आले आणि २,७१९ स्वीकारले गेले. एकेका पेपरच्या शेवटी पन्नास-साठ संदर्भ असतात, तेव्हा एका वर्षात नुसत्या त्या परिषदेतून किती सायटेशन बाहेर पडतात याचा अंदाज करा. ग्राफिक्सचं अंगण त्यामानाने लहान आहे. रेसनेट या व्हिजनमधल्या न्यूरल नेटवर्कच्या पेपरला लाखाहून अधिक सायटेशन आहेत. तो आकडा डोळ्यांसमोर ठेवून प्रकाश-वहनावरचा एखादा पेपर तोलायला गेलात तर कुठलाच तोलता येणार नाही.

यावर उपाय म्हणजे त्याच वर्षाच्या, त्याच परिषदेच्या पेपरांत क्रमांक लावायचा. डीबीएलपीवरून त्या वर्षीच्या सिग्राफची पूर्ण यादी घ्या, प्रत्येकाची सायटेशन एकाच स्रोतावरून एकाच आठवड्यात नोंदवा आणि उतरत्या क्रमाने लावा. "त्या वर्षीच्या सर्व पेपरांत तिसरा" हे वाक्य दोन्ही शाखांच्या परीक्षकांना सारखंच कळतं. सिग्राफच्या एका वर्षाला हाताने तीनचार तास लागतात. सीव्हीपीआरच्या अलीकडच्या वर्षांसाठी मात्र स्क्रिप्टच लागेल. चारपाच महत्त्वाच्या कामांपुरतंच करा, सगळ्या यादीसाठी नको.

सरासरी काढू नका. सायटेशनची वाटणी फार विषम असते, दोन पेपर सगळी सरासरी ओढून नेतात. क्रमांक किंवा मध्यक द्या.

काळाचं अंतरही लक्षात घ्या. ग्राफिक्समधलं काम काही वेळा पंधरावीस वर्षांनी फळाला येतं. एरिक व्हीच यांचं माँटे कार्लो पाथ ट्रेसिंगवरचं (प्रकाशाचे मार्ग यादृच्छिक निवडून चित्र काढायच्या पद्धतीवरचं) मूलभूत काम १९९५ च्या सुमाराचं, ऑस्करच्या अकादमीने त्यासाठी तांत्रिक पुरस्कार दिला तो २०१४ मध्ये. मधल्या काळात चित्रपटांचे रेंडरर (दृश्याचं चित्र तयार करणारी सॉफ्टवेअर) हळूहळू पाथ ट्रेसिंगकडे वळले, कारण लागणारी गणनशक्ती आवाक्यात आली. त्वचा किंवा मेणासारख्या वस्तूंच्या आत शिरून पसरणाऱ्या प्रकाशाचं जेन्सन, मार्शनर, हानरहान वगैरेंचं प्रतिमान २००१ चं, त्याला अकादमीचा तांत्रिक पुरस्कार २००४ मध्ये. एकाला एकोणीस वर्षं, दुसऱ्याला तीन. 'गेल्या पाच वर्षांतली सायटेशन' हा रकाना अशा कामांना न्याय देत नाही.

दहा वर्षांनंतर मागे वळून दिले जाणारे पुरस्कार असतील तर ते जरूर नमूद करा: सीव्हीपीआरचं लाँगे-हिगिन्स पारितोषिक, ईसीसीव्हीचं कुंडरिंक, आयसीसीव्हीचं हेल्महोल्त्झ. सिग्राफने असा 'टेस्ट ऑफ टाइम' पुरस्कार २०२३ पासूनच सुरू केला, त्यामुळे ग्राफिक्सवाल्यांकडे तो नसणं ही उणीव नव्हे. हेही एका वाक्यात सांगून टाका.

आणि लेखकांचा क्रम. दोन्ही शाखांत सहसा पहिला लेखक विद्यार्थी आणि शेवटचा मार्गदर्शक असतो, अकारविल्हे क्रम क्वचित. गणितातून आलेल्या परीक्षकाला हे माहीत नसतं.

रेषाखंड

दोघांचेही आभार. आवृत्त्यांचे गट केले तर माझ्या यादीतल्या वरच्या दहा नोंदींची सहाच कामं उरतात असं आत्ताच दिसतंय. आता तिसरा प्रश्न: जिथे उल्लेखच होत नाही असा वापर. तिथे पुरावा म्हणून काय धरायचं?

त्रिमिती

तिथे साखळी शोधायची. आज चालू असलेल्या एखाद्या गोष्टीपासून सुरुवात करा, ती कशावर उभी आहे ते बघा, मग ते कशावर, असं मागे मागे जा. प्रत्येक कडीला दाखवता येईल अशी एक गोष्ट लागते: कोडची ओळ, सेटिंगचं मूल्य, नाहीतर दस्तऐवजातलं वाक्य.

एक साखळी पूर्ण करून दाखवतो. २०२३ च्या सिग्राफमधलं गॉसियन स्प्लॅटिंग घ्या. फोटोंच्या संचातून दृश्य उभं करायची ही पद्धत आज सगळीकडे दिसते. आपले फोटो तिला द्यायचे तर आधी प्रत्येक फोटो कुठून, कोणत्या दिशेने काढला ते कळावं लागतं. लेखकांनी दिलेल्या कोडमध्ये त्यासाठी एक स्क्रिप्ट आहे आणि ती कोलमॅप चालवते. कोलमॅप हे फोटोंवरून त्रिमितीय रचना काढणारं सॉफ्टवेअर, २०१६ चं काम. त्यातून कॅमेऱ्यांच्या जागा मिळतात आणि विरळ बिंदूही मिळतात, आणि पहिले गॉसियन, म्हणजे ज्यांनी दृश्य बनतं ते धूसर ठिपके, त्या बिंदूंवरच ठेवले जातात. कोलमॅप दोन फोटोंतले सारखे बिंदू ओळखायला मुळात सिफ्ट वापरतं. सिफ्ट म्हणजे डेव्हिड लो यांची १९९९ ची परिषदेतली आणि २००४ ची नियतकालिकातली पद्धत. बिंदूभोवतीचा तुकडा ४ गुणिले ४ चौकटींत वाटायचा, प्रत्येक चौकटीत ८ दिशांचा हिस्टोग्राम, एकूण १२८ आकडे, हेच त्या बिंदूचं वर्णन. चुकीच्या जोड्या गाळायला पुन्हा आरएएनएसएसी, म्हणजे फिशलर आणि बोल्स, १९८१.

आता बारकाईने बघा. २००४ च्या पेपरात लो यांनी जोडी खरी की खोटी हे ठरवायला एक कसोटी दिली. सगळ्यात जवळच्या वर्णनाचं अंतर आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जवळच्याचं अंतर यांचं गुणोत्तर ०.८ पेक्षा जास्त असेल तर जोडी टाकून द्यायची. त्यांच्या मोजणीत याने ९० टक्के खोट्या जोड्या गळतात आणि खऱ्या ५ टक्क्यांहूनही कमी जातात. कोलमॅपच्या सेटिंगमध्ये या गुणोत्तराचं ठरलेलं मूल्य उघडून पाहा, ०.८ च आहे. गॉसियन स्प्लॅटिंग वापरणारा माणूस लो यांचा पेपर कधी उघडतही नाही, पण त्याच्या प्रत्येक फोटोवर तो ०.८ चालतो. असा दुवा टिपणात दिलात तर कुठल्याही आकड्यापेक्षा तो बोलका ठरेल, आणि परीक्षकाला दहा मिनिटांत स्वतः तपासता येईल.

तुमच्या वैज्ञानिकाच्या बाबतीत शोध घ्यायचा तो तीन ठिकाणी. पहिलं, मोठ्या लायब्ररींचे दस्तऐवज. ओपनसीव्ही या व्हिजनच्या खुल्या लायब्ररीत कॅलिब्रेशनच्या फंक्शनखाली झांग यांचा उल्लेख आहे. बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट वेगवेगळ्या कोनांतून धरून पंधरावीस फोटो काढणारे असंख्य लोक ओपनसीव्हीचं नाव देतात, झांग यांचं देत नाहीत. दुसरं, कोडमधल्या टिप्पण्या. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या शोधात लेखकाचं आडनाव आणि वर्ष टाका, "अमुक, तमुक १९९८ प्रमाणे" अशा ओळी सापडतात. तिसरं, पाठ्यपुस्तकं आणि अभ्यासक्रमांतले गृहपाठ. एखादी पद्धत विद्यार्थ्यांकडून दर वर्षी नव्याने लिहून घेतली जात असेल तर ती शाखेच्या मुळाक्षरांत गेली असं समजावं. कॅटमल यांच्या १९७४ च्या प्रबंधातला झेड-बफर (कोणता पृष्ठभाग पुढे दिसतो ते ठरवायची युक्ती) आज प्रत्येक ग्राफिक्स चिपमध्ये आहे, त्याला संदर्भ कोण देतं?

डेटाचं वेगळं बघा. ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी १९९४ मध्ये मातीच्या सशाचं स्कॅन करून बनवलेलं स्टॅनफर्ड बनी हे मॉडेल घ्या. दहा स्कॅन जोडून ६९,४५१ त्रिकोणांची जाळी. आकाराने आज अगदी किरकोळ, तरी जाळ्यांवरच्या पेपरांत तो ससा तीस वर्षं दिसतो आहे. वापरणारे बहुधा आभाराच्या परिच्छेदात 'स्टॅनफर्ड कॉम्प्युटर ग्राफिक्स लॅबोरेटरी' एवढंच लिहितात. सायटेशन मोजणाऱ्या यंत्रणेला आभार दिसत नाहीत. तेव्हा अशा डेटासाठी पेपरांच्या पूर्ण मजकुरात शोध घ्यावा लागतो, डेटाच्या नावाने आणि प्रयोगशाळेच्या नावाने, दोन्ही. एक रोचक खूण सांगतो: या सशाच्या तळाला भोकं आहेत. बंद जाळी गृहीत धरणारी पद्धत तिथे अडखळते, म्हणून कित्येक पेपरांत "भोकं बुजवून घेतली" असं वाक्य येतं. मूळ डेटा खरोखर हाताळल्याचा तो पुरावा आहे, नुसतं चित्र लावल्याचा नाही.

पिक्सेलवेडा

त्रिमिती यांची पद्धत आवडली, पण एका गोष्टीवर मतभेद आहे. साखळी जितकी लांब तितका दावा सैल. गॉसियन स्प्लॅटिंगच्या श्रेयातला वाटा लो यांना द्यायचा तर त्यामागची गणिती पद्धत देणाऱ्या लेव्हनबर्ग-मार्क्वार्ट यांनाही द्यावा लागेल, आणि मग थांबायचं कुठे? माझ्या मते प्रत्येक कडीला एक प्रश्न विचारावा: ही कडी काढून दुसरी बसवली तर काय बिघडतं? सिफ्टच्या जागी दुसरे बिंदू-शोधक बसवता येतात, गॉसियन स्प्लॅटिंग तरीही चालतं. म्हणजे सिफ्टचा प्रभाव 'वर्षानुवर्षं भरवशाचा ठरलेला पर्याय' असा आहे, 'याच्याशिवाय अशक्य' असा नाही. दोन्ही मोठेच, पण शब्द जपून वापरा. 'पाया घातला' हे शब्द परीक्षक प्रत्येक अर्जात वाचतात.

पेटंटविषयी. पेटंटची नुसती संख्या देऊ नका, ती बहुतेक वेळा कंपनीच्या धोरणाचं माप असते. पेटंटमुळे शाखेत काय झालं ते सांगा. लॉरेन्सन आणि क्लाइन यांचं मार्चिंग क्यूब्स घ्या, जनरल इलेक्ट्रिक, १९८७. घनाचे आठ कोपरे, प्रत्येक कोपरा पृष्ठभागाच्या आत किंवा बाहेर, म्हणजे २५६ शक्यता. सममिती वापरून त्या १५ वर आणल्या आणि प्रत्येकीसाठी त्रिकोण आधीच ठरवून ठेवले. सीटी आणि एमआरआयच्या कापांतून पृष्ठभाग काढायला हे इतकं सोयीचं होतं की ग्राफिक्सच्या पेपरची सायटेशन वैद्यकीय प्रतिमांच्या क्षेत्रातून ओघाने आली. पण पद्धतीवर पेटंट होतं, २००५ पर्यंत. म्हणून घनाऐवजी चतुष्फलक वापरणारा पर्यायी मार्ग खुल्या सॉफ्टवेअरमध्ये रुजला. तो त्रिकोण जास्त काढतो, तरीही. शिवाय मूळ तक्त्यात काही शेजारी घनांच्या जोडावर भोकं पडत होती. १९८८ मध्ये ड्यूर्स्ट यांनी ते दाखवून दिलं आणि पुढे चेर्न्याएव यांनी ३३ प्रकारांचा सुधारित तक्ता दिला. चुका दुरुस्त करायला लोक वर्षानुवर्षं राबतात, याहून मोठी पावती कोणती? तुमच्या वैज्ञानिकाच्या पद्धतीतही अशी ज्ञात त्रुटी आणि तिच्या दुरुस्त्यांची मालिका असेल तर लपवू नका, उलट पुढे आणा.

सिफ्टचंही तसंच. पेटंट मार्च २०२० मध्ये संपलं आणि त्याच वर्षी ओपनसीव्हीच्या ४.४.० आवृत्तीत सिफ्ट मुख्य भागात आलं. तोवर ते वेगळ्या, 'मोफत नसलेल्या' विभागात ठेवलेलं होतं. मधल्या काळात २०११ मध्ये ऑर्ब हे बिंदू ओळखायचं दुसरं तंत्र आलं, त्याच्या शीर्षकातच 'सिफ्ट किंवा सर्फला कार्यक्षम पर्याय' असं म्हटलं आहे. ऑर्बकडून सिफ्टला मिळणारं सायटेशन हे प्रतिस्पर्ध्याचं आहे. मोजणीत ते आणि 'आम्ही सिफ्ट वापरलं' हे दोन्ही एकच धरले जातात.

गिटहबच्या ताऱ्यांबद्दल: तारा म्हणजे 'नंतर बघू' अशी खूण. त्यापेक्षा ही लायब्ररी किती इतर प्रकल्पांनी अवलंबित्व म्हणून घेतली आहे तो आकडा द्या. शेवटचा बदल कधी झाला, मूळ लेखकांखेरीज किती जण त्यात लिहितात, आणि परवाना कोणता, हेही बघा. 'केवळ संशोधनासाठी' असा परवाना असेल तर उत्पादनात थेट वापर झाल्याचा दावा सांभाळून करा.

उत्पादनाबद्दल शेवटचं. 'कोट्यवधी फोनमध्ये आहे' असं लिहायचं तर कंपनीने किंवा लेखकांनी स्वतः प्रसिद्ध केलेला दुवा हवा. उदाहरणार्थ, फोनमध्ये एकामागोमाग एक मुद्दाम कमी एक्स्पोजर ठेवून घेतलेल्या कच्च्या फ्रेम जुळवून एकत्र करायची गुगलची एचडीआर प्लस पद्धत लेखकांनी २०१६ च्या सिग्राफ एशियात पेपर म्हणून मांडली आणि पुढे ३,६४० बर्स्टचा (अशा फ्रेमच्या संचांचा) डेटाही खुला केला. तिथे उत्पादन, पेपर आणि डेटा तिन्ही एका रेषेत आहेत. असा दुवा नसेल तर ते वाक्य गाळा. एक फुगवलेलं वाक्य सापडलं की परीक्षक बाकीच्या वाक्यांवरही शंका घेतो.

त्रिमिती

'कडी काढून बघा' ही कसोटी मान्य. फक्त एक भर: कडी कधी बदलली गेली, तेही लिहा. वीस वर्षं टिकून मग बदलली गेलेली पद्धत आणि दोन वर्षांत मागे पडलेली पद्धत यांत फरक आहे, आणि तो सायटेशनच्या वार्षिक आलेखात चटकन दिसतो. व्हिजनमध्ये २०१२ नंतर कित्येक आलेख एकदम खाली येतात, कारण डीप लर्निंगने ती जागा घेतली. त्यानंतरही ज्याचा आलेख टिकून आहे ते काम बारकाईने पाहण्यासारखं.

संदर्भशोध

उरलेला भाग: सायटेशनची वाक्यं वाचणं. सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात उपयोगी काम हेच.

एका कामाला चार हजार सायटेशन असतील तर सगळी वाचणं शक्य नाही. ओपनअ‍ॅलेक्सच्या यादीतून यादृच्छिक ६० निवडा. वर्षांप्रमाणे वाटून घ्या, नाहीतर शेवटच्या तीन वर्षांचाच भरणा होतो. प्रत्येक पेपर उघडून तो उल्लेख जिथे आला आहे ते वाक्य चिकटवा आणि पाचपैकी एका प्रकारात टाका: प्रस्तावनेत पाचसहा जणांच्या घोळक्यात नुसतं नाव, तुलनेसाठी, प्रत्यक्ष वापर, पद्धत पुढे नेली, मर्यादा दाखवली. सिमँटिक स्कॉलर पार्श्वभूमी, पद्धत आणि निकाल असं आपोआप वर्गीकरण देतं, पण ते फक्त वाक्यं पटकन सापडायला वापरा, निर्णय स्वतः घ्या. "आम्ही अमुकांच्या मागोमाग जातो" असं वाक्य कधी पूर्ण पद्धत उचलल्याचं असतं, कधी नुसतं चिन्हलेखन घेतल्याचं. पुढची दोन वाक्यं वाचल्याशिवाय ते कळत नाही. दोन माणसांनी वेगवेगळं वर्गीकरण करून जिथे पटत नाही तिथे चर्चा करावी. सवय झाली की एका पेपरला पाच ते सात मिनिटं लागतात, म्हणजे एका माणसाला पाचसात तास.

६० पैकी २० मध्ये प्रत्यक्ष वापर निघाला तर 'सुमारे ३३ टक्के' लिहा, आणि मागेपुढे १२ टक्क्यांची शक्यता आहे हेही लिहा. १०० चा नमुना घेतलात तर ती ९ टक्क्यांवर येते. त्यापलीकडे मेहनतीच्या मानाने फारसं हाती लागत नाही.

लिहिताना एका कामाला एक परिच्छेद द्या आणि त्यात आधी अडचण, मग उपाय, मग कोणी उचललं. नमुन्यादाखल, कर्लेस आणि लेव्हॉय यांच्या १९९६ च्या कामावर असा परिच्छेद होईल:

"वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले अंतर-स्कॅन एकमेकांशी थोडे विसंगत असतात, त्यामुळे ते थेट शिवले की जोडावर सुरकुत्या पडतात. या कामात जागेचे लहान घन पाडून प्रत्येक घनात पृष्ठभागापर्यंतचं सचिन्ह अंतर आणि त्याचं वजन साठवलं. नवा स्कॅन आला की फक्त भारित सरासरी अद्ययावत करायची, पृष्ठभाग शेवटी काढायचा. पंधरा वर्षांनी, २०११ मध्ये, किनेक्टफ्युजनने हीच साठवण ग्राफिक्स चिपवर आणली आणि हातात धरलेल्या स्वस्त डेप्थ कॅमेऱ्याने खोलीचं त्रिमितीय रूप चालताबोलता उभं राहू लागलं."

यात एकही सायटेशनचा आकडा नाही, तरी बाहेरच्या वाचकालाही प्रभाव कळतो. आकडा द्यायचाच तर परिच्छेदाच्या शेवटी, किरणमार्ग म्हणाले तसा क्रमांक म्हणून.

रेषाखंड

हे फार कामाचं आहे. सहा कामांपैकी तीनच घ्यावीत असं आता वाटतंय: एक साखळीसह, एक त्रुटी-दुरुस्तीच्या मालिकेसह, एक डेटाचं. दोन पानांत तेवढंच मावेल. एकच शंका राहिली. एच-इंडेक्स अर्जाच्या नमुन्यात सक्तीचा आहे. तो टिपणात पुन्हा द्यावा का?

संदर्भशोध

नमुन्यात रकाना आहे तर तिथे भरा, सोबत स्रोत आणि तारीख लिहा, टिपणात पुन्हा नको. आणि जमा करायच्या दिवशी त्या पानाचा पीडीएफ काढून ठेवा. स्कॉलरचे आकडे वाढतात तसे नोंदी एकत्र झाल्या की घटतातही. परीक्षकाने महिन्याभराने तपासलं आणि आकडा कमी दिसला तर दाखवायला तो कागद हाताशी असेल.